थोरलीनं निवडलेली काच

किनाऱ्यावर दिवसभर खाली मान घालून चालणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे दोनच तर्क असतात. एक तर याचं काही हरवलंय, नाहीतर याचं डोकं फिरलंय. बगळेकाकांच्या बाबतीत लोकांनी तर्क करायचेही कष्ट घेतले नाहीत, सरळ नाव ठेवून मोकळे झाले. घोट्याएवढ्या पाण्यात एक पाय उचलून, मान वाकडी करून ते उभे राहायचे आणि झटकन हात घालून काचेचा तुकडा उचलायचे. धक्क्यावरच्या कुणा टवाळखोरानं ते पाहिलं, बगळा म्हणाला, आणि ते असं चिकटलं की खरं नाव पोस्टमनसुद्धा विसरून गेला. त्यांच्या बायकोला मात्र कुणी बगळी म्हणायला धजावलं नाही, कारण तिच्या जिभेला सगळा धक्का टरकून असे. ती थोरली. शेजारच्या खोलीत काकांच्या धाकट्या भावाची विधवा राहायची, ती धाकटी. एकाच छपराखालच्या दोन खोल्या आणि मधे नावापुरती भिंत. अलीकडे कुणी शिंकलं की पलीकडून "गरम पाणी प्या" असं ऐकू यायचं.

वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की त्या शहरात घरोघरी खिडक्या सजवायची रीत होती, आणि बगळेकाकांचं घर त्यावर चाले. समुद्रानं वर्षानुवर्षं घासलेल्या बाटल्यांच्या काचा वेचायच्या, तांब्याच्या तारेनं गुंफायच्या आणि त्यांचे तारामासे, शिंपले, शिडाच्या होड्या, माशांच्या माळा करून विकायच्या. खिडकीत टांगलं आणि मागून ऊन आलं की काचेत जणू दिवा लागे. थोरलीचे याबाबतचे नियम कडक होते. काचेला भोक पाडायचं नाही. भोक पाडलेली काच राग मनात धरून बसते आणि पुढच्या थंडीत तडकते, असं ती म्हणे. फक्त तारेचे वेढे द्यायचे. ज्या तुकड्याची कड अजून चमकते तो कच्चा, तो खडकांपलीकडे परत भिरकावायचा. "त्याला अजून खाऊ दे, मग आपण घेऊ," असं समुद्राकडे हात करून ती म्हणायची, जणू समुद्र तिच्याच पंगतीला बसलाय.

वेचायचं आणि तार वळायची काकांनी, काच निवडायची थोरलीनं. घरात बिस्किटांचे जुने डबे होते. गोल डब्यात हिरवी काच, लांबट डब्यात तपकिरी, आणि गोळ्यांच्या चपट्या डबीत लाल. लाल फार दुर्मीळ. निळी आणि पांढरी उघड्या टोपल्यांत पडलेली असे, कारण ती काका स्वतः ओळखत. हिरवी, तपकिरी आणि लाल त्यांना ओळखू येत नसे. या तिन्ही रंगांत त्यांना कधीच फरक दिसला नव्हता. जन्मापासून सगळं एकच मळकट काहीतरी दिसायचं. आणि हे जगात फक्त थोरलीला माहीत होतं.

यात लपवण्यासारखं ते काय, असं कुणीही म्हणेल. किती जणांना रंग कळत नाहीत, त्यांचं काही अडत नाही. पण बगळेकाका आधी काच वेचत नव्हते, मासेमारीला जात होते, आणि त्यांचा भाऊ बंदराच्या तोंडाशी मेला होता.

त्या बंदराच्या तोंडाशी दोन खडक आहेत आणि दोन्हींवर दिवे आहेत. समुद्रातून आत येताना डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा. दोन्हींच्या मधून आलात तर घरी, नाहीतर खडकावर. त्या संध्याकाळी धुकं असं उतरलं होतं की स्वतःचा हात दिसेना. दोघे भाऊ बोटीत, मोठा पुढच्या टोकाला दिवा शोधत, धाकटा सुकाणूवर. एकच दिवा दिसला. मोठा ओरडला, "हिरवा!" धाकट्यानं भावाच्या शब्दावर तो दिवा उजव्या हाताला ठेवला आणि बोट वळवली. तो लाल होता. बोट लाल दिव्याच्या पलीकडच्या खडकांवर जाऊन फुटली. मोठा एका फळीला धरून तरला. धाकटा दुसऱ्या दिवशी मिळाला.

चौकशी झाली. मोठ्यानं जे खरं वाटत होतं तेच सांगितलं: दिवा हिरवा होता, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, तसंच ओरडून सांगितलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मान डोलावली. आता हिरवा दिवा दिसत असताना बोट लाल दिव्याखाली जाऊन आपटते, म्हणजे चूक कुणाची? सुकाणू धरणाऱ्याची. बोटीच्या अवशेषांत दारूची बाटली सापडली, जी थंडीसाठी प्रत्येक बोटीत असतेच, आणि धक्क्यावरच्या लोकांना तेवढं पुरलं. तो पिऊन तर्र होता, सुकाणूवरच झोपला, असं ठरलं. धडधाकट माणसाला लाल-हिरवा कळत नसेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काकांच्याही नाही. आपल्याला जे दिसतं तेच जगाला दिसतं असं सगळ्यांनाच वाटत असतं.

काकांनी समुद्र सोडला. दोन-चार महिन्यांनी थोरलीनं हा काचेचा उद्योग काढला. पहिल्या हंगामात तिनं त्यांच्यापुढे काचेचा ढीग ओतला आणि म्हणाली, "एवढी हिरवी वेगळी काढा." काकांनी तासभर बसून मोठ्या ऐटीत वेगळी काढली. थोरली बघून हसायला लागली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अहो, ही काय थट्टा मांडलीय? निम्मी तपकिरी आहे." काका म्हणाले, थट्टा कसली, नीट बघून काढलीय. तिनं एक तुकडा उचलला आणि हा कुठला असं विचारलं. मग दुसरा. मग तिसरा. हसणं थांबलं. ती उठली, दाराला कडी लावली आणि समोर येऊन बसली.

"त्या दिवशीचा दिवा कुठला होता?" तिनं हळू विचारलं.

"हिरवा होता. कितीदा सांगू?"

"तुम्हाला काय माहीत?" थोरली म्हणाली.

पलीकडे धाकटी आपल्या मुलाला दटावत होती, ते भिंतीतून ऐकू येत होतं. शेवटी थोरलीनं निकाल दिला: हे या भिंतीपलीकडे जाता कामा नये. गेलेला काही परत येणार नाही. तुम्ही आत गेलात तर दोन्ही घरांचं बघणार कोण? आपली मुलगी अजून शाळेत आहे, धाकटीचं पोर तर रांगतंय. शब्दन्‌शब्द व्यवहाराचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी तिनं मूठ झाकली. फक्त त्या मुठीत अब्रू दुसऱ्याच्या नवऱ्याची होती, याचा हिशेब दोघांपैकी कुणी मांडला नाही.

तो हिशेब धाकटीच्या वाट्याला आला. ती दारुड्याची बायको झाली. मासळीबाजारात बायका तिच्याशी बोलताना आवाजात जरा जास्तच दया आणत, जी शिवीपेक्षा वाईट. तिचा मुलगा मोठा झाला, समुद्राचं त्याला वेड होतं, पण धक्क्यावर एकाही बोटीनं त्याला घेतलं नाही. ज्याचा बाप सुकाणूवर झोपला, त्याच्या हातात सुकाणू देणार कोण? शेवटी तो समुद्र दिसतसुद्धा नाही अशा गावी एका कारखान्यात यंत्रावर लागला. बापाचं नाव काढलेलं त्याला चालत नसे. त्याचा सगळा जीव काकांवर. पोहायला त्यांनी शिकवलं, दप्तर त्यांनी आणून दिलं, तापात रात्री त्यांनी जागून काढल्या. "मी काकांवर गेलोय, बाबांवर नाही," असं तो अभिमानानं सांगायचा. काका हे ऐकायचे आणि खाली मान घालून किनाऱ्यावर निघून जायचे. लोक म्हणत, किती हा साधा माणूस!

थोरलीनं धाकटीला कधी अंतर दिलं नाही, हेही खरं. दर हंगामात तयार सजावट कागदात गुंडाळून खोक्यात भरायचं काम तिचंच. ताटातला अर्धा मासा तिचा, नवीन घोंगडी आली तर पहिली तिला. जावा-जावांचं असं जमलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मागच्या वर्षी थोरलीच्या पोटात गाठ निघाली आणि ती अंथरुणाला खिळली, तेव्हा धाकटीनं तिचं सगळं केलं. उष्टं काढलं, कूस बदलली, केस धुऊन विंचरले. थोरलीच्या तोंडून तेव्हाही काही निघालं नाही. तिच्या हातांनी मात्र वेगळंच चालवलं होतं. जेवढी म्हणून काच घरात होती तेवढी तिनं उशाशी मागवली आणि पडल्या पडल्या निवडत राहिली. धाप लागे, तुकडे पांघरुणात सांडत, पण डबे भरत गेले. काठोकाठ भरल्यावर तिनं काकांना जवळ बोलावलं.

"हे डबे पुरतील तेवढे दिवस काम करा," ती म्हणाली. "नव्या काचेला हात लावू नका. डबे संपले की हात दुखतात म्हणा आणि सोडून द्या. आणि काहीही झालं तरी दीपस्तंभ करू नका."

दीपस्तंभ तिनं उभ्या जन्मात केला नव्हता. गिऱ्हाइकं मागत, बंदराचं शहर, दीपस्तंभ नाही म्हणजे काय! थोरली म्हणायची, "देवमासा सांगा, जलपरी सांगा, दीपस्तंभ सोडून काहीही सांगा." लोकांना तो तिचा हट्ट वाटे.

ती गेली आणि काकांचं जगणं त्या तीन डब्यांवर आलं. डबे होते तोवर ते जगासाठी डोळस होते. गोल डब्यात हात घातला की हिरवं, लांबट डब्यात तपकिरी, त्यात चुकायला जागा नव्हती. ते हात राखून काच वापरू लागले. मोठ्या माशांऐवजी छोटे मासे, तीन तुकड्यांच्या जागी दोन. धाकटी एकदा म्हणाली, "भावजी, यंदा मासे उपाशी दिसतात." काका हसले. घरात कधी कधी ते नुसते गोल डब्याचं झाकण उघडून बसत. आत तिचा हात फिरलेला होता, म्हणून.

सुट्ट्यांच्या तोंडावर लेक आली. लेक दूरच्या शहरात नोकरीला, सालस, मायाळू आणि एक मिनिट स्वस्थ न बसणारी. आईविना बाप कसा राहतो हे बघायला आली आणि बघून कंबर खोचून कामाला लागली. जाळी काढली, गाद्या उन्हात टाकल्या, काकांना दाढी करायला पिटाळलं. काका न्हाव्याकडून परत आले तेव्हा खिडकीत एक भलीमोठी काचेची बरणी उभी होती. उन्हात चमकत होती.

"बघा!" लेक टाळी वाजवून म्हणाली. "सगळी काच धुऊन एकत्र भरली. किती सुंदर दिसते! आईनं अशी डब्यांत कोंडून का ठेवली होती कोण जाणे."

"डबे?" काका म्हणाले.

"भंगारवाल्याला दिले. किती गंजले होते, बाबा. काचेला गंज लागत होता."

काका बरणीकडे बघत उभे राहिले. निळे तुकडे दिसत होते, पांढरे दिसत होते, आणि बाकी सगळा एकच मळकट ढीग. थोरलीनं मरता मरता जे निवडून ठेवलं होतं, ते तिच्याच मुलीनं प्रेमानं, साबणाच्या पाण्यात कालवून टाकलं होतं. काकांना रडावं असं वाटलं, ओरडावं असंही वाटलं.

"छान केलंस," ते म्हणाले.

"असं काय बघताय? दिसत नाहीये का नीट? मोतीबिंदू झाला असेल. उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

"काही नको!" काका एवढ्या जोरात ओरडले की लेक दचकली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक असतं, हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं, आणि आयुष्यभर ते त्या दाराची पायरी चढले नव्हते. चष्मासुद्धा बाजारातल्या टोपलीतून उचललेला. लेकीला वाटलं, आईच्या आठवणीनं बिथरले. तिनं जवळ बसवलं, चहा दिला आणि त्यांना बरं वाटावं म्हणून एक आनंदाची बातमी सांगितली. भेटवस्तूंच्या दुकानवाल्या बाईंनी यंदा मोठं काम दिलंय. आपल्या बंदरासारखे दोन दोन दीपस्तंभ, डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा. "आई करायची नाही, मला ठाऊक आहे. पण मी हो म्हणून टाकलं. मन रमेल तुमचं."

पोरीचा काही दोष नव्हता. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि जिथे काही सांगितलं जात नाही अशा घरात माया करणारा माणूस असाच आंधळ्यासारखा वावरतो. दोन दिवसांनी ती गेली. काका लगोलग दुकानवाल्या बाईंकडे काम नाकारायला गेले. बाईंनी आधीच दुकानाच्या खिडकीत पाटी लावली होती, 'थोरलीबाईंच्या आठवणीनिमित्त, त्यांच्या घरातले पहिलेवहिले दीपस्तंभ'. लोक वाचत होते, हळहळत होते. काका पाटीसमोर जरा वेळ उभे राहिले आणि परत आले.

मग त्यांनी अक्कल लढवली. डोळे नाहीत तर बोटं आहेत. लाल काच येते कुठून? जुन्या बोटींच्या कंदिलांतून, आणि कंदिलाच्या काचेवर बारीक रेघा असतात. समुद्रानं कितीही घासल्या तरी बोटाला लागतात. थोरलीच्या चपट्या डबीतले तुकडे असेच रेघांचे होते, हे त्यांना पक्कं आठवत होतं. म्हणजे रेघा असलेली ती लाल, आणि गुळगुळीत जाड ती हिरवी. त्यांनी बरणी चादरीवर ओतली आणि डोळे मिटून चाचपायला बसले. रेघांचे तुकडे इकडे, जाड गुळगुळीत तिकडे. बोटीच्या एका बाजूला लाल कंदील असतो तसा दुसऱ्या बाजूला हिरवाही असतो आणि त्याच्याही काचेवर रेघा असतात, हे ज्यानं निम्मं आयुष्य बोटीवर काढलं त्या माणसाला त्या वेळी सुचलं नाही. बिअरच्या तपकिरी बाटल्याही जाड असतात, तेही नाही. मनाला सुटका हवी असली की ते जे सापडेल ते धरतं.

वाहून आलेल्या लाकडाच्या फळ्या कापल्या, पांढऱ्या काचेचे दोन दोन मनोरे तारेनं उभे केले, वर दिवे बसवले. हात फिरत होते, वेढे सुरेख पडत होते. कामात त्यांना चक्क बरं वाटलं. थोरली गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना वाटलं, जमलं आपल्याला, तिच्यावाचूनसुद्धा.

खोक्यात भरायला धाकटी आली. जुने कागद काखेत, चष्मा कपाळावर. जमिनीवर ऐसपैस बसली आणि पहिला दीपस्तंभ उचलून उजेडात धरला.

"हे काय भावजी, दोन्ही हिरवे?"

"समुद्राची काच आहे, बाई. मिळेल तशी लावायची."

तिनं तो खाली ठेवला, दुसरा उचलला. "ह्याला हिरवा डावीकडे. उजवीकडे तपकिरी. तपकिरी दिवा कुठल्या बंदरात असतो?" ती हसली. तिसरा उचलला. चौथा. मग तिनं त्या सगळ्यांकडे एकदा नजर टाकली. "लाल काच तर ढिगात दिसतेय. ती का नाही लावलीत?"

"लावलीय की," काका म्हणाले, आणि बोलल्या क्षणी त्यांना कळलं की हे बोलायला नको होतं.

धाकटीनं चष्मा नाकावर घेतला. चादरीवरून दोन तुकडे उचलून तळहातावर ठेवले आणि हात पुढे केला. "ह्यातला हिरवा द्या बघू."

काकांनी एक उचलला. बरोबर निघाला. धाकटीचा चेहरा सैल झाला, ती स्वतःशीच पुटपुटली की मी पण काय वेडी. तरी तिनं आणखी दोन उचलले. "आता?"

काकांनी एक उचलला. तो लाल होता. तिनं पुन्हा दोन ठेवले. या वेळी काकांचा हात हवेतच राहिला.

रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. धाकटी उठली नाही, ओरडली नाही. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू झाला.

"त्या दिवशी दिवा कुणी बघितला होता?"

"मी."

"आणि कुठला म्हणालात?"

"हिरवा."

"तो सुकाणूवर होता. तुमचं ऐकून त्यानं बोट वळवली."

"हो."

"म्हणजे तो शुद्धीत होता."

"हो," काका म्हणाले. "पूर्ण शुद्धीत होता. मी सांगितलं तसंच त्यानं केलं."

आता एकच प्रश्न उरला होता आणि तो येणार हे काकांना ठाऊक होतं. त्याचं सोपं उत्तरही तयार होतं: आजच कळलं, तुझ्यासमोर कळलं, मला कुठे माहीत होतं. तिनं विश्वास ठेवला असता. कदाचित दोघं मिळून रडली असती.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?" धाकटीनं विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. सोपं उत्तर जिभेवर आलं आणि तिथेच अडलं. "पहिल्या हंगामापासून," ते म्हणाले. "थोरलीनं ओळखलं."

"थोरलीला माहीत होतं?"

काकांनी मान हलवली.

धाकटीनं आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. "मी तिचे केस धुतले," ती म्हणाली. "शेवटच्या दिवसांत मी तिचे केस धुतले, भावजी. तेव्हाही ती काही बोलली नाही. 'तुझे हात फार मऊ आहेत' एवढंच म्हणाली." ती थांबली. "मी त्या माणसाला किती शिव्या घातल्या. मेल्यावर सुद्धा घातल्या. रोज. पोरासमोर."

काकांना काहीतरी बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं, पण एवढ्या वर्षांनंतर तो शब्द त्यांना स्वतःलाच भिकेसारखा वाटला.

धाकटीनं कनवटीचा फोन काढला. नंबर लावला. पलीकडे वाजत असताना तिनं तो काकांच्या हातात दिला.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "माझ्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. त्याला वाटेल, आई बापाच्या चुकीवर पांघरूण घालतेय. तुम्ही सांगा. तुमचंच तो ऐकतो."

फोन उचलला गेला. मागे यंत्रांचा खडखडाट होता आणि त्यावरून ओरडणारा पुतण्याचा हसरा आवाज. "आई? काय गं, एवढ्यात?"

"मी आहे रे," काका म्हणाले.

"काका! थांबा हं, बाहेर येतो, इथे ऐकू येत नाही." खडखडाट कमी झाला, दार लागल्याचा आवाज आला. "हं, बोला. तब्येत बरी आहे ना? मी सुट्टी काढलीय बरं का. खरं तर तुम्हाला भेटायलाच येतोय, आईला सांगू नका, चिडेल."

काकांनी धाकटीकडे बघितलं. तिनं नजर हटवली नाही.

"काका? आहात ना?"

"तुझा बाप प्यालेला नव्हता," काका म्हणाले. आवाज घोगरा निघाला म्हणून त्यांनी घसा खाकरून पुन्हा सांगितलं. "त्यानं काही चूक केली नाही. मला लाल-हिरवा कळत नाही. मी चुकीचा दिवा सांगितला, त्यानं माझं ऐकलं. मला हे तू रांगत होतास तेव्हापासून माहीत आहे."

काका वाट बघत राहिले. त्यांना वाटलं तो शिव्या देईल, आणि त्यांना त्या हव्या होत्या. तो 'काका' म्हणेल असंही एकदा वाटलं.

"आईकडे द्या फोन," पुतण्या म्हणाला.

काकांनी फोन धाकटीकडे दिला. ती तो कानाला लावून उठली आणि बोलत बोलत आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून तिच्या रडण्याचा आवाज आला, आणि मधेमधे ती मुलाला त्याच्या बापाबद्दल काहीतरी सांगत होती. ती नवऱ्याचं नाव घेऊन बोलत होती. ते नाव त्या भिंतीतून काकांनी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.